बाळंतिणीला सवड कोण देणार?

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तन्यपान सप्ताह म्हणून पाळला जातो. १९९२ पासून ही प्रथा सुरू आहे. या दिवसांत सरकारी दवाखान्यात गेले की भिंतीवर एक चित्र हमखास दिसते. गुबगुबीत बाळ, हसतमुख आई आणि खाली ठळक अक्षरांत ‘आईचे दूध म्हणजे अमृत’. चित्रातल्या आईच्या मागे खिडकीला पडदा असतो. ती निवांत बसलेली असते.

त्याच भिंतीखालच्या बाकावर बसलेली बाई मात्र निवांत नसते. मांडीवर दीड महिन्याचे मूल, हातात लसीकरणाचे कार्ड आणि नजर घड्याळावर. अकराच्या आत तिला चार घरची भांडी उरकायची आहेत. नर्सबाई सांगतात, “सहा महिने फक्त अंगावरच पाज हं, वरचे काही देऊ नकोस.” ती मान हलवते. तिला ते ठाऊक आहे. तिच्या आईलाही ठाऊक होते. तिला ठाऊक नाही ते एवढेच की ती चार घरी असताना बाळाला अंगावर कोण पाजणार आहे!

आईच्या दुधाचे गुण सांगणारे लेख पुष्कळ निघतात. ते खरेही असतात. परंतु हे लेख वाचून झाल्यावर दोष उरतो तो आईच्याच पदरात. तिने पाजले नाही, तिने डबा आणला, तिला कळत नाही. आम्हांला वाटते, या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या वाचक भगिनींपुढे आणि त्यांच्या घरच्या पुरुषांपुढेही मांडली पाहिजे. अंगावर पाजणे हे एकट्या आईचे काम नाही. तिला वेळ, अन्न आणि आधार देण्याचे काम घराचे, मालकाचे आणि सरकारचे आहे.

गरिबाघरची एकच श्रीमंती

आधी थोडक्यात शास्त्र. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे तीन वाक्यांत येते. जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला छातीशी लावावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीदेखील नको. सहा महिन्यांनंतर घरचे मऊ अन्न सुरू करावे आणि त्यासोबत अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ चालू ठेवावे.

हे सर्व मातांना साधले तर काय होईल, याचा हिशेब २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दरवर्षी जगातील सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे सुमारे २० हजार स्त्रियांचे मृत्यूही टळतील, असे त्या अभ्यासाने दाखवले. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्या वेळी सहा महिन्यांखालील १०० बाळांपैकी फक्त ३७ बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती. संपूर्ण जगाचा आकडा २०२३ पर्यंत ४८ वर आला.

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आरोग्याच्या बहुतेक बाबतींत श्रीमंत देश पुढे आणि गरीब देश मागे असतात. अंगावर पाजण्याच्या बाबतीत मात्र उलटे आहे. बहुतेक श्रीमंत देशांत वर्षाच्या बाळांपैकी पाचांत एकही आईचे दूध पीत नाही. आफ्रिकेत, आपल्या देशात, बांगलादेशात, नेपाळात बहुसंख्य बाळे वर्षानंतरही पितात. गरिबाच्या बाळाला श्रीमंताच्या बाळाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्यापेक्षा चांगले मिळते असे हे एकच अन्न आहे. आणि तेच त्याच्या तोंडून काढून घेण्याचे प्रकार घरातून, दवाखान्यातून आणि बाजारातून चालू असतात.

गाईचा चीक खातो, आईचा टाकतो

प्रथम घरातले पाहू. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारे दूध घट्ट, पिवळसर असते. त्यालाच चीक म्हणतात. आपल्याकडे कितीतरी घरांत हा चीक ‘जड’, ‘नासका’, ‘तीन दिवस साठून राहिलेला’ म्हणून पिळून टाकत. तोवर बाळाला मध चाटवायचा, साखरपाणी द्यायचे, कापसाच्या बोळ्याने शेळीचे दूध पाजायचे. तिसऱ्या दिवशी आईच्या अंगावर घ्यायचे.

गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा आपण खरवस करतो. तो पौष्टिक म्हणून वाटीभर शेजारी देतो. वासराला पहिला चीक मिळालाच पाहिजे हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. मग माणसाच्या बाळाचाच चीक का टाकायचा? या चिकात रोगाशी लढणारी द्रव्ये भरलेली असतात. बाळाची ती पहिली लस होय. तो चमचाभरच येतो हे खरे, पण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच असते. मधाचे तर नावच काढू नये. मधातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध देत नाहीत.

एका तासाचा आग्रह का, हे घाना या आफ्रिकी देशातील खेड्यांत झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ ११ हजार बाळांची नोंद ठेवून अभ्यासकांनी हिशेब मांडला. सर्व बाळांना पहिल्या तासात छातीशी लावले तर पहिल्या महिन्यातील १०० पैकी २२ मृत्यू टळतील. तेच पहिल्या दिवसापर्यंत लांबले तर १६. म्हणजे काही तासांची दिरंगाईसुद्धा जिवावर बेतते.

आता दवाखान्यातले पाहू, कारण सगळा दोष जुन्या सासवांवर ढकलणे बरोबर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील सुमारे ७९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ती ८८.६ टक्क्यांवर गेली. आनंदाची गोष्ट आहे. मग पहिल्या तासात दूध मिळणारी बाळेही तेवढीच वाढायला हवी होती. ती ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर गेली! आपल्या महाराष्ट्रात तर हा आकडा ५७.५ वरून ५३.२ वर घसरला, आणि येथे जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात.

म्हणजे सासूबाईंच्या हातून बाळ डॉक्टरांच्या हाती गेले, पण आईच्या छातीशी काही वेळेवर पोचले नाही. बाळ वेगळ्या खोलीत, आई टाक्यांच्या टेबलावर, नर्स एक आणि बाळंतिणी दहा. त्यात शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे वाढली. देशातील खाजगी दवाखान्यांत ती शंभरात सत्तेचाळीसच्या घरात आहेत. शस्त्रक्रिया झाली तरी कमरेखालचीच भूल असेल तर आई जागी असते, आडवे पडल्या-पडल्या पाजू शकते. त्यासाठी कोणीतरी बाळ तिच्याजवळ आणून धरायला हवे. तेवढे माणूस दवाखान्यात नसेल तर घरच्या बाईने ते मागून घ्यावे. “बाळाला पाजायचे आहे, आईजवळ द्या” असे म्हणायला कोणाचीही भीड बाळगू नये.

एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे. सहा महिने निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण याच काळात देशात ५४.९ वरून ६३.७ टक्के झाले आणि महाराष्ट्रात ५६.६ वरून ७१ टक्के. आपल्या बाया ऐकत नाहीत, अडाणी आहेत, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. सांगणारे कोणी भेटले आणि जमण्यासारखे असले तर आई करतेच.

“मला दूधच पुरत नाही”

ही तक्रार आम्ही कितीतरी तोंडून ऐकली आहे. बाळ रडले की शेजारीण म्हणते, “दूध पुरत नाही गं, वरचे सुरू कर.” दोन दिवसांत बाटली येते आणि पंधरा दिवसांत आईचे दूध खरोखरच कमी होते. मग सर्वांची खात्री पटते की पाहा, आम्ही म्हणत होतो ना!

खरा प्रकार असा आहे. दूध छातीत साठवून ठेवलेले नसते, ते मागणीप्रमाणे तयार होते. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूला संदेश जातो आणि त्यातून दूध तयार होते व वाहते. जितके ओढले तितके बनते. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते, म्हणून कमी बनते. बाटली हा दूध कमी असल्याचा उपाय नव्हे, पुष्कळदा तेच कमी होण्याचे कारण असते.

दूध पुरते आहे की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ ओले झाले, उकडले, कुशीत यायचे असले तरी रडते. दोन खुणा पाहाव्या. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्रीत सहा वेळा तरी लघवी करते का, आणि त्याचे वजन वाढते का. जन्मानंतर काही दिवस वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांच्या आत भरून यायला हवे. या दोन गोष्टी ठीक असतील तर दूध पुरते आहे.

पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडून बोंडीभोवतीचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. नुसती बोंडी चोखली तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहते. ही गोष्ट पहिलटकरणीला बाजूला बसून दाखवावी लागते. भिंतीवरच्या चित्राने ती शिकता येत नाही.

उन्हाळ्यात पाणी द्यावे का, हा प्रश्नही नेहमी येतो. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. मे महिन्यातही वेगळे पाणी लागत नाही. त्या पाण्याबरोबर जुलाब मात्र येतात. बाळगुटी आणि ग्राइप वॉटरचेही तेच.

ब्राझीलमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जुलाबाचा हा धोका मोजला. निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांच्या तुलनेत, आईचे दूध मुळीच न मिळणाऱ्या बाळांना जुलाबाने मरण येण्याचा धोका १४ पट होता. ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते आणि रॉकेल-गॅस जपून जाळावा लागतो, तेथे बाटली उकळून घेणे कसे जमावे?

डब्याचा इतिहास

आता बाजाराकडे वळू. बाळांसाठी तयार दुधाचे पीठ युरोपात १८६० च्या दशकात विकायला आले. पुढे ते वसाहतींत पोचले. डॉ. सिसिली विल्यम्स या जमैकात जन्मलेल्या डॉक्टरबाईंनी आधी घानात आणि मग मलायात काम केले. सिंगापुरात त्यांना दिसले की, कंपन्या नर्ससारखा पोशाख घातलेल्या बायका बाळंतिणींकडे पाठवतात आणि डब्याचे दूध गळी उतरवतात. त्याच्या पायी बाळे मरतात. १९३९ साली तेथील रोटरी क्लबात त्यांनी भाषण केले. भाषणाचे नावच ‘दूध आणि खून’ असे होते. समोर प्रतिष्ठित मंडळी बसली असता, या प्रचाराला खून समजून शिक्षा केली पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यानंतर पस्तीस वर्षे फारसे काही बदलले नाही. १९७४ साली इंग्लंडमधील एका संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. गरीब आई डबा परवडत नाही म्हणून त्यात पाणी वाढवते, चार दिवसांचा डबा कितीतरी दिवस पुरवते, पाणीही अशुद्ध असते आणि बाळ सुकत जाते, हे तीत मांडले होते. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. अखेर २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेत या प्रचारावर बंधने घालणारी संहिता मंजूर झाली. बाजूने ११८ देश होते. विरोधात एकच मत पडले, ते अमेरिकेचे.

भारताने १९९२ साली स्वतःचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्याप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांच्या डबाबंद दुधाची व अन्नाची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही. आईला फुकट नमुना देता येत नाही. डॉक्टरांना भेटी देता येत नाहीत. आपल्या दवाखान्यात यातले काही होताना दिसले तर तो कायद्याचा भंग आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने जाणावे.

परंतु बाजार नवी वाट शोधतोच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी आठ देशांतील पालक व गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक जणांपर्यंत डब्याच्या दुधाचा प्रचार पोचलेला होता. हा धंदा वर्षाला ५५ अब्ज डॉलरचा आहे. पूर्वी नर्सच्या वेषातली बाई दारात येत असे, आता मोबाईलच्या पडद्यावर येते.

ज्यांनी करून दाखवले

हे सर्व अटळ आहे असे मात्र नाही. ब्राझीलमध्ये १९७४-७५ साली बाळ सरासरी अडीच महिनेच अंगावर पीत असे. २००६-०७ पर्यंत हा काळ अकरा महिन्यांच्या पुढे गेला. त्यांनी केवळ उपदेश केला नाही. डब्याच्या प्रचाराला आळा घातला, बाळंतपणाची रजा वाढवली आणि दूधपेढ्यांचे जगातील सर्वांत मोठे जाळे उभारले. तेथे टपाल वाटणारे पोस्टमनसुद्धा घरोघरच्या आयांना माहिती देत, आणि अग्निशामक दलाचे जवान घरी जाऊन पेढीसाठी दूध गोळा करून आणतात. पुरुषांचे यात काय काम, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

शेजारच्या श्रीलंकेत २०१६ च्या पाहणीत शंभरातील ८२ बाळे सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर होती. तेथे सरकारी सुईण बाळंतिणीच्या घरी जाते, बाजूला बसते आणि अडचण सोडवते.

दूर कशाला जा, मुंबईत शीव येथे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली दूधपेढी सुरू केली. धारावीची वस्ती या रुग्णालयाला लागून आहे. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे आणि आजारी आया तेथे येत. ज्या आयांना दूध जास्त होते त्या ते देत. ते तपासून, साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवले जाते आणि गरजू बाळाला मिळते. देणारी कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे बाळ विचारीत नाही. ज्या देशात पाण्याचा माठ शिवला म्हणून माणसे मारली गेली, त्या देशात हे घडते आहे, याची नोंद आपण तरी घेतली पाहिजे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे आणि आईला पाजायला मदत करणे, ही कामे त्यांनी घरोघर जाऊन केली. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे जगापुढे आले. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात, त्या भेटीमागे हाच अनुभव आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे सहा आठवड्यांत त्यांच्या सहा भेटी व्हायच्या असतात. आपण त्या मोजाव्या, आणि आशाताईंना दारातून परत पाठवू नये.

बाळागोळीपासून सव्वीस आठवड्यांपर्यंत

आता मूळ प्रश्न. दूध आहे, समज आहे, पण बाई कामावर आहे. मग?

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत हजारो बाया राबत. तान्हे मूल घरी ठेवून दहा तास यंत्रापुढे उभे राहायचे. ते रडू नये म्हणून सकाळी निघताना त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. मजुरी आणि मूल यांच्यात त्यांना दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

याच काळात, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. याचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा, पण जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्यानेही वाटा उचललाच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीतील बायांच्या प्रसूती लाभाची दुरुस्तीही बाबासाहेबांनीच मांडली.

त्यांनी आईला उपदेश केला नाही. आई काय करते असे न विचारता, आईसाठी कोण काय करणार, असे त्यांनी विचारले. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही हाच प्रश्न योग्य आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या, याही तरतुदी कायद्यात आहेत. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. म्हणजेच ते सहा महिने! शास्त्र आणि कायदा येथे नेमके जुळले आहेत.

पण कोणासाठी? दुकान, कचेरी असेल तर किमान दहा माणसे कामाला हवीत. चार घरी धुणीभांडी करणारी, वीटभट्टीवर विटा थापणारी, बीडहून ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेली, रस्ता झाडण्याचे काम ठेकेदाराकडे करणारी बाई या हिशेबात सहसा येत नाही. तिच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या मुलासाठी ५ हजार रुपये. दिवसाला ३०० रुपये मजुरी धरली तर ही जेमतेम सतरा दिवसांची मजुरी झाली. एका बाईला १८२ दिवस, दुसरीला १७ दिवस आणि उपदेश मात्र दोघींना सारखाच, सहा महिन्यांचा.

ऊसाच्या फडात झाडाला झोळी बांधलेली असते. झोळीजवळ सात-आठ वर्षांची बहीण बसलेली असते. आई येऊन पाजते, पुन्हा मोळ्या बांधायला जाते. त्या थोरल्या मुलीची शाळा सुटलेली असते, याचा हिशेब कोणत्याच पाहणीत धरला जात नाही. तान्ह्याला दूध मिळावे म्हणून तिचे शिक्षण गेले. ज्या समाजाला ‘शिका’ हा पहिला आदेश मिळाला, त्या समाजाला हे पाहून स्वस्थ बसता येईल काय? फडावर, भट्टीवर, बांधकामावर पाळणाघर ही चैन नव्हे. तेथे एकाच वेळी दोन मुलांचे आयुष्य राखले जाते.

आपल्या घरात काय करता येईल

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण काही गोष्टी आजपासून आपल्या हातात आहेत.

आपल्याकडे सव्वा महिन्याच्या बाळंतपणाची चाल आहे. तिच्याभोवती सोयरसुतकाचा, विटाळाचा मोठा पसारा होता. तो आपण टाकून दिला, हे उत्तम केले. मात्र त्याबरोबर विश्रांती टाकू नये. बाळंतिणीला शिवायचे नाही हे खुळ गेले, तसे तिच्या हातून धुणे, पाणी, स्वयंपाक काढून घेणेही गेले असेल, तर तिचा तोटाच झाला.

पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे दोन भाकऱ्या आणि वर वाटीभर घट्ट वरण. ‘बाळंतिणीला पाणी कमी द्या’, ‘हे बाधते, ते बाधते’ म्हणून तिला अर्धपोटी ठेवू नये. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. तिला पालेभाजी, कडधान्ये, अंडी, मासे, मटण, जे परवडेल ते सर्वांच्या शेवटी नव्हे, सर्वांच्या आधी वाढावे. अंगणवाडीचा शिधा तिच्याच पोटात जाईल हे पाहावे.

बापाला पाजता येत नाही, बाकी सर्व येते. रात्री बाळ उचलून आईजवळ देणे, लंगोट बदलणे, तिला तांब्याभर पाणी आणून देणे, पाळणा हलवणे यांत मर्दपणा कमी होत नाही.

कामावर जावे लागणाऱ्या आईने स्वच्छ हातांनी दूध काढून झाकणाच्या भांड्यात ठेवावे. सावलीत, थंड जागी ते चार तास चांगले राहते. घरातल्या माणसाने ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटली वापरू नये. आई परत आली की रात्री बाळाला मागेल तितके अंगावर घ्यावे.

आणि ज्या आईला खरोखरच दूध येत नाही, आजार आहे, औषधे चालू आहेत, तिला कोणी दोष देऊ नये. तिने स्वतःच्या मनाने पाजणे थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे. जवळ दूधपेढी असेल तर चौकशी करावी. डबा घ्यावाच लागला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, मापाने, उकळलेल्या पाण्यात द्यावा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेवटी एक कबुली

हे सर्व लिहिताना आम्हांला आमचेच एक आठवते. आमच्या घरी एक भगिनी कामाला येत असे. तिचे दिवस भरले तेव्हा आम्ही तिला साडीचोळी दिली, पाचशे रुपये हातावर ठेवले आणि बदली बाई पाहिली. सव्वा महिना झाला न झाला तोच ती दारात उभी राहिली. आम्हांला बरे वाटले. बदली बाईचे काम नीट नव्हते. बाळ कोणाजवळ ठेवून आलीस, असे आम्ही विचारले नाही. आमच्या घरच्या लेकीला त्याच वर्षी नोकरीत भरपगारी बाळंतपणाची रजा मिळाली होती आणि तिच्या बाळाचे वजन आम्ही दर पंधरा दिवसांनी कौतुकाने मोजीत होतो.

आपल्यातील पुष्कळ भगिनी आज बँकेत, शाळेत, कचेरीत आहेत. त्यांना मिळणारी रजा कोणी दयेने दिलेली नाही, तिच्यामागे बाबासाहेबांचे ते भाषण उभे आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या आपणही मालकच आहोत. तिच्या श्रमाचा फायदा आपण घेतो. मग तिच्या बाळंतपणात सहा महिने जमत नसेल तर दोन महिन्यांचा पगार घरी पाठवावा. चार घरे मिळून वाटून घेतले तर ते जड जात नाही. ती परतली की बाळाला सोबत आणू द्यावे आणि दुपारी अर्धा तास तिला एका कोपऱ्यात निवांत बसू द्यावे.

महिला मंडळांनी येत्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा. वस्तीत सध्या किती बाळंतिणी आहेत, त्यांतील किती कामावर जातात आणि त्या वेळी त्यांचे बाळ कोणाजवळ असते, याची यादी करावी. एखादी निवृत्त भगिनी, एखादी स्वच्छ खोली, दोन पाळणे एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

भिंतीवरच्या चित्रात आईच्या मागे जो पडदा असतो, जो निवांतपणा असतो, तो प्रत्येक आईला मिळाला पाहिजे. तिच्या अंगी दूध आहे. तिला पाजायला बसण्यापुरती सवड आपण देऊ या.